सरांची पेटी आणि हैदराबादची ममी

स्नेहमिलनाच्या स्मरणिकेसाठी लेख द्या, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. सरांच्या छड्या, मधल्या सुट्टीतल्या चिंचा, गॅदरिंगमधली नाटके यांवर तुम्ही सगळे माझ्यापेक्षा चांगले लिहाल. माझ्याजवळ सांगण्यासारखे एकच आहे आणि ते थोडे अडचणीचे आहे. ते इतिहासाच्या एका तासापासून सुरू होते, मधे इजिप्त आणि हैदराबाद फिरून येते आणि परत नेरला, आपल्या शाळेतल्या एका लाकडी पेटीपाशी येऊन थांबते. त्या पेटीची किल्ली माझ्याकडे होती.

साल १९८४. आपण आठवीत होतो. इतिहासाच्या सरांनी फळ्यावर खडूने एक आकृती काढली. डोक्यापासून पायापर्यंत पट्ट्या गुंडाळलेला माणूस. खाली लिहिले, ‘ममी’. मागच्या बाकावरून लगेच आवाज आला, “सर, पुण्याची पोरं आईले मम्मी म्हनतात!” वर्ग हसला. दुसऱ्याने मात्र खरा प्रश्न विचारला, “सर, मेलेल्या माणसाले जाळून कावून नाही टाकत ते? ठेवून काय करून राह्यले?”

सर रागावले नाहीत. म्हणाले, “हसून झालं की सांगा, तुमच्या पणजोबाचं नाव किती जणांना येतं?” साठ पोरांच्या वर्गात चार हात वर गेले. त्यात माझा नव्हता. “इजिप्तच्या माणसाला आपलं नाव पुसलं जाण्याची मरणाइतकीच भीती वाटे,” सर म्हणाले. “नाव राहिलं, देह राहिला, तर पुढचा जन्म चालू राहतो असं ते मानत. म्हणून एवढा खटाटोप.”

तो खटाटोप सरांनी आपल्याला आपल्याच गावच्या वस्तूंनी समजावून सांगितला होता, आठवते का? देह टिकवायचा तर आधी त्यातले पाणी काढायचे. इजिप्तच्या वाळवंटात नॅट्रॉन नावाचा एक नैसर्गिक क्षार मिळतो. तो आपल्या पापडखाराच्या कुळातला. फुप्फुसे, यकृत, जठर आणि आतडी काढून ती वेगळ्या बरण्यांत ठेवत. हृदय मात्र देहातच राहू देत, कारण बुद्धी आणि स्मृती हृदयात असते अशी त्यांची समजूत होती. मग सुमारे चाळीस दिवस देह त्या क्षारात पुरून ठेवत. पुढे तेल, राळ आणि पट्ट्या. सगळे मिळून सत्तर दिवस. आणि या पट्ट्या कशाच्या? तर जवसाच्या झाडाच्या खोडातून निघणाऱ्या धाग्याच्या. ज्या जवसाची चटणी आपण डब्यात भाकरीबरोबर आणायचो, त्याच जवसाच्या कापडात फॅरो गुंडाळलेले आहेत, हे ऐकून आपला वर्ग पहिल्यांदा गप्प झाला होता. ‘ममी’ हा शब्दही इजिप्तचा नाही. डांबरासारख्या काळ्या पदार्थाला फारसी-अरबीत ‘मूमिया’ म्हणतात, त्यावरून तो आला.

पुढच्याच आठवड्यात सरांनी आंब्याच्या लाकडाची एक पेटी वर्गात आणून ठेवली. म्हणाले, “इजिप्तचं इजिप्तवाल्यांनी पाहिलं. तुमच्या घरी, वावरात जे जुनं पडलं असेल ते विचारून आणा.” आपण आणले. कोणी मोडीतले कागद आणले, कोणी अडकित्ता, कोणी जुनी चावी, कोणी नांगरताना सापडलेले तांब्याचे नाणे. मी माझ्या आजीची कापसातली सरकी काढायची लाकडी चरकी आणली. प्रत्येक वस्तूला सर दोऱ्याने कागदाची चिठ्ठी बांधत, चिठ्ठीवर क्रमांक घालत आणि एका वहीत काहीतरी लिहीत. आपल्याला त्या लिहिण्याचा कंटाळा यायचा. वस्तू दिली की झाले, असे आपल्याला वाटे. दोन वर्षांत पेटीत ४७ वस्तू जमल्या. त्याच वर्षी एसटीच्या बसने सरांनी आपल्याला नागपूरचा अजब बंगला दाखवायला नेले. आपण पेंढा भरलेल्या प्राण्यांपुढे रेंगाळलो. सर मात्र शिलालेखांपुढे उभे राहून वस्तूखालच्या पाट्या वाचत होते.

त्या अजब बंगल्याची, म्हणजे नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयाची, स्थापना १८६३ ची. योगायोग असा की इजिप्तचे पहिले मोठे संग्रहालयही त्याच वर्षी उघडले. कैरोजवळ बुलाक येथे, नाईलच्या काठी. त्याआधी इजिप्तच्या पुरावस्तूंना वालीच नव्हता. ममी कुटून तिची भुकटी युरोपात औषध म्हणून शतकानुशतके विकली गेली. चित्रकारांच्या एका तपकिरी रंगातही ती घालत. थडग्यांतून निघालेल्या वस्तू जो पैसे देईल त्याच्या जहाजावर चढत. १८५८ मध्ये तिथल्या शासकाने ऑगस्त मारिएत नावाच्या फ्रेंच अभ्यासकाकडे पुरावस्तूंचे खाते सोपवले आणि त्यातून हे संग्रहालय उभे राहिले. १८७८ मध्ये नाईलला पूर आला आणि पाणी थेट संग्रहालयात शिरले. वस्तूंबरोबर मारिएतच्या टिपणांचेही मोठे नुकसान झाले. पुढे संग्रह गिझाला हलवला आणि १९०२ मध्ये कैरोच्या तहरीर चौकातल्या त्या प्रसिद्ध गुलाबी इमारतीत आणला.

१८८१ ची एक हकीकत सरांनी सांगितली होती की मी नंतर वाचली, हे आता नक्की आठवत नाही. पण या लेखाचा गाभा तिच्यात आहे. लक्सरजवळ देर अल-बहरीच्या कड्यात एका गुप्त विवरात पन्नासच्या आसपास ममी एकत्र ठेवलेल्या सापडल्या. त्यांत मोठमोठे फॅरो होते, दुसरा रामसेसही होता. एवढे राजे एका भुयारात कसे? तर सुमारे तीन हजार वर्षांपूर्वी राजांच्या थडग्यांवर चोऱ्या वाढल्या, तेव्हा तिथल्या पुरोहितांनी हे देह उचलून, पुन्हा नीट गुंडाळून लपवून ठेवले होते. आणि हलवताना त्यांनी एक काम न चुकता केले. शवपेटीवर किंवा पट्ट्यांवर शाईने नोंद केली: हा अमुक राजा, याला अमुक साली अमुक ठिकाणी हलवले. सोने कधीच लुटले गेले होते. पण त्या चार ओळींच्या नोंदीमुळे आज आपण खात्रीने सांगू शकतो की हा रामसेस आहे. उलट १८८१ मध्ये ते विवर रिकामे करणाऱ्या अधिकाऱ्याने चोरीच्या भीतीने दोनेक दिवसांत सगळे बाहेर काढले. कोणती वस्तू कुठे होती याचा नकाशा काढला नाही, छायाचित्र घेतले नाही. वस्तू वाचल्या, पण त्यांची जागा कायमची हरवली.

आता हैदराबादकडे येतो. बँकेच्या नोकरीत माझी तिथे बदली झाली. यवतमाळ, पांढरकवडा, आदिलाबाद असा रस्ता धरला की हैदराबाद आपल्याला काही परके नाही. १९९९ मध्ये एका रविवारी नामपल्लीच्या पब्लिक गार्डनमधले राज्य संग्रहालय पाहायला गेलो आणि अचानक तिच्यासमोर उभा राहिलो. सरांनी फळ्यावर काढलेली आकृती, प्रत्यक्ष. मी दहा-पंधरा मिनिटे तिथून हललो नाही. एवढीशी होती ती. आपल्या आठवीतल्या एखाद्या मुलीएवढी.

भारतात इजिप्तच्या ममी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. कोलकाता, जयपूर, लखनौ, हैदराबाद आणि बडोदा. बडोद्याची ममी सयाजीराव गायकवाडांनी १८९५ मध्ये आपल्या नव्या संग्रहालयासाठी विकत घेतली. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याच्या शेतकरी घरातून गादीवर आलेल्या या राजाला वाटत होते की प्रजेने जग पाहावे, आणि ते जमत नसेल तर जगाचा नमुना प्रजेपुढे आणावा. सुएझ कालवा १८६९ मध्ये सुरू झाल्यावर मुंबईहून विलायतेला जाणारी बोट इजिप्तवरूनच जाई. त्यामुळे संस्थानिकांना कैरोचा बाजार ठाऊक होता. हैदराबादची ममी १९२० च्या सुमारास सहाव्या निजामाचे जावई नझीर नवाज जंग यांनी खरेदी केली. त्यांनी ती सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांना भेट दिली आणि १९३० मध्ये ती संग्रहालयात आली.

तिचे नाव ‘नैशू’ सांगतात. ती ‘सहाव्या फॅरोची मुलगी’ असेही सांगतात. आता जरा सरांच्या पद्धतीने हिशोब करून पाहा. इजिप्तचा पहिला राजवंश सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीचा. सहावा फॅरो म्हणजे त्याच काळातला कोणीतरी. आणि ही ममी अभ्यासक टॉलेमींच्या काळातली, म्हणजे सुमारे २३०० वर्षांपूर्वीची मानतात. मधे अडीच हजारांहून अधिक वर्षांचे अंतर पडते. विकणाऱ्याने किंमत वाढावी म्हणून राजकन्या म्हटले असेल, घेणाऱ्याने विश्वास ठेवला असेल. ती कोणत्या गावची, कोणत्या थडग्यातून निघाली, शेजारी कोण होते, हे सांगणारी चिठ्ठी तिच्याबरोबर आली नाही. रामसेसला पुरोहितांची नोंद मिळाली. हिला बाजारातली पावती मिळाली.

२०१६ मध्ये तिच्या देखभालीचे मोठे काम निघाले. जवसाच्या त्या पट्ट्या जीर्ण झाल्या होत्या. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या कला-संवर्धन केंद्राचे अनुपम साह आणि त्यांचे सहकारी या कामासाठी हैदराबादला गेले. ज्या संग्रहालयाला आपण अजूनही ‘प्रिन्स ऑफ वेल्स’ म्हणतो, तेच हे. त्याची इमारत १९१४ मध्ये तयार झाली, पण पहिल्या महायुद्धात तिचे लष्करी इस्पितळ झाले आणि लोकांसाठी ती १० जानेवारी १९२२ ला उघडली. त्याच वर्षी नोव्हेंबरात इजिप्तमध्ये तूतनखामेनचे थडगे सापडले. याच संग्रहालयात २०१२-१३ च्या हिवाळ्यात लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून नेस्पेरेन्नुब नावाच्या पुरोहिताची ममी पाहुणी म्हणून आली होती. तिची शवपेटी कधी उघडलीच नाही. सीटी स्कॅन करून आतले सगळे पाहिले, तर त्याच्या डोक्याला मातीचे एक ओबडधोबड भांडे चिकटलेले दिसले. राळ ओतताना ते तिथे राहून गेले असावे, निघेना म्हणून तसेच गुंडाळले असावे. अठ्ठावीसशे वर्षांपूर्वीच्या कामगाराची ती चूक पाहून मला हायसे वाटले. चुका लपवून ठेवणारे आपणच पहिले नव्हे.

हैदराबादच्या ममीचाही एक्स-रे आणि सीटी स्कॅन झाला. ती पंचविशीच्या आसपासची तरुण स्त्री असावी असे दिसले. पट्ट्यांना आधार देऊन तिला ऑक्सिजन नसलेल्या, नायट्रोजन भरलेल्या बंद काचपेटीत ठेवले. यामागचे शास्त्र आपल्या घरच्या धान्याच्या कोठीसारखे आहे. किडीला आणि बुरशीला जगायला हवा लागते, ओल लागते. हवा बदलली, ओल आणि उजेड ताब्यात ठेवला, की नाश थांबत नाही पण फार मंद होतो. २०१८ मध्ये मी तिला पुन्हा पाहिले. तिच्यापुढे एक लहान मुलगी आईला विचारत होती, “ही झोपली आहे का?” आईने उत्तर दिले नाही. मलाही आले नसते.

पुरावस्तूचा मोठा शत्रू परकी फौज किंवा चोर असतो अशी आपली कल्पना असते. दुसऱ्या रामसेसने तीन हजार वर्षांत चोर पचवले, पण कैरोच्या संग्रहालयात त्याला बुरशी लागली. १९७६ मध्ये त्याला उपचारासाठी पॅरिसला नेले. एखाद्या राष्ट्रप्रमुखाला शोभेल अशा इतमामात विमानतळावर स्वागत झाले आणि मग गॅमा किरणांनी बुरशी मारली. याच रामसेसच्या नाकात काळ्या मिऱ्याचे दाणे सापडले आहेत. मिरी म्हणजे आपल्या दक्षिण भारताचा माल. तीन हजार वर्षांपूर्वी तिथवर पोहोचलेला! व्यापाराची ही वाट पुढेही चालू राहिली. तांबड्या समुद्राकाठच्या बेरेनिके या जुन्या बंदरात सापडलेल्या बुद्धमूर्तीची बातमी २०२३ मध्ये आली, तेव्हा त्याबरोबर सातवाहनांची दोन नाणीही सापडल्याचे सांगितले गेले. पैठणच्या राजांची नाणी इजिप्तच्या वाळूत!

जयपूरचे अल्बर्ट हॉल संग्रहालय घ्या. ऑगस्ट २०२० मध्ये एका दिवसाच्या मुसळधार पावसाने तळघरात पाणी भरले. तिथे तूतू नावाच्या स्त्रीची ममी आहे. कर्मचाऱ्यांनी काचपेटी फोडून तिला उचलून वर ठेवले, म्हणून ती वाचली. २८ जानेवारी २०११ च्या रात्री कैरोत क्रांतीच्या धामधुमीत संग्रहालयात चोर घुसले, तेव्हा चौकातल्या सामान्य तरुणांनी हातात हात गुंफून इमारतीभोवती साखळी केली. उलट २०१४ मध्ये त्याच संग्रहालयात तूतनखामेनच्या सोन्याच्या मुखवट्याची दाढी निखळली आणि कोणीतरी घाईने साध्या चिकट डिंकासारख्या इपॉक्सीने ती चिकटवून टाकली. ते निस्तरायला जर्मन तज्ज्ञ बोलवावे लागले.  झाकून टाकण्याची घाई नडली.

या वस्तू कोणाच्या, हा प्रश्नही उरतोच. १९८३ च्या कायद्याने इजिप्तने उत्खननातल्या वस्तू परदेशी पथकांना वाटून देणे बंद केले. ३ एप्रिल २०२१ ला बावीस राजा-राण्यांच्या ममी मिरवणुकीने नव्या संग्रहालयात नेल्या, तेव्हा सगळा देश रस्त्यावर आणि टीव्हीपुढे होता. १ नोव्हेंबर २०२५ ला पिरॅमिडांजवळचे भव्य ग्रँड इजिप्शियन म्युझियम अधिकृतपणे उघडले. हे सगळे पाहताना मला हैदराबादची ती मुलगी आठवते. तिने परत जावे की इथे राहावे, हे ठरवणारा मी कोण? पण जोवर ती आपल्याकडे आहे तोवर तिला मान द्यावा, तिच्याविषयी खोटे सांगू नये आणि तिला वाळवी लागू देऊ नये, एवढे तर आपल्या हातात आहे.

वाळवी हा शब्द आला. आता अडचणीचे सांगतो.

१९८६ मध्ये आपली दहावी झाली. त्याच उन्हाळ्यात सरांची दुसऱ्या गावी बदली झाली. पेटी शाळेच्या दप्तरी कोणाच्या नावावर नव्हती. सरांनी मला बोलावले, कारण अकरावी-बारावीला मी नेरलाच राहणार होतो. किल्ली हातात देऊन म्हणाले, “दरवर्षी दसऱ्याच्या सुटीत उघडायची. कागदांना सावलीतलं वारं द्यायचं. कडुनिंबाचा पाला बदलायचा. पेटीखाली विटा आहेत, त्या हलू द्यायच्या नाहीत. आणि तू गावाबाहेर गेलास तर किल्ली दुसऱ्याला द्यायची.”

दोन दसरे मी ते केले. १९८८ मध्ये अमरावतीला कॉलेजात गेलो. किल्ली माझ्या ट्रंकेत तशीच राहिली. पुढच्या दसऱ्याला आठवण झाली, तेव्हा वाटले दिवाळीत पाहू. दिवाळीत वाटले उन्हाळ्यात पाहू. मग आठवणही येईनाशी झाली.

१९९३ मध्ये सामानाची खोली आवरायला काढली, तेव्हा कुलूप तोडले. मी सुटीत गावी होतो, म्हणून मला निरोप आला. कोणीतरी जागा करायला पेटी विटांवरून खाली भिंतीला लावली होती. तळातून वाळवी चढली होती. मोडीचे कागद म्हणजे मातीचा एक ढेकूळ झाला होता. माझ्या आजीची चरकी हातात घेतली तर आतून पोकळ, बोटाने दाबली तशी चुरा झाली. अडकित्ता आणि तांब्याची नऊ नाणी तेवढी राहिली. पण त्यांच्या चिठ्ठ्या कागदाच्या होत्या. कोणते नाणे कोणाच्या वावरातले, हे सांगायला काही उरले नाही. जमलेले लोक म्हणाले, “छत गळते, त्यानं झालं असन.” मी मान डोलावली. किल्ली तेव्हाही माझ्या खिशात होती. “तुमच्या बॅचचं हाय, घेऊन जा,” म्हणून ती नाणी माझ्याच हवाली केली गेली. बत्तीस वर्षे ती माझ्या कपाटात एका बिस्किटाच्या डब्यात पडून होती.

मागच्या दिवाळीत, स्नेहमिलनाचे ठरल्यावर, मी तो डबा घेऊन सरांच्या घरी गेलो. सर आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. कान थोडे गेले आहेत, डोळे चांगले आहेत. मी सगळे सांगून टाकले. सरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “किल्ली तुझ्याकडं होती हे मला ठाऊक नव्हतं का? मीच दिली होती ना.”

“मग सर, इतक्या वर्षांत विचारलं का नाही?”

“विचारलं असतं तर तू माझ्याकडं येणंच सोडलं असतं.”

मग ते उठले आणि आतून ती वही घेऊन आले. तीच वही, जिच्या लिहिण्याचा आपल्याला कंटाळा यायचा. बदली झाली तेव्हा ती त्यांच्या सामानात गेली आणि वाचली. क्रमांक १ ते ४७. वस्तू काय, आणणारा कोण, इयत्ता, तुकडी, कुठे सापडली, घरात तिला काय म्हणतात. माझ्या चरकीपुढे लिहिले होते: ‘आजीच्या आईची. तिच्या माहेरहून आलेली.’ हे मी सरांना सांगितले होते, हे मी विसरलो होतो. आजी जाऊनही आता तीस वर्षे झाली. चरकी नाही, आजी नाही, पण ती ओळ आहे.

आणि नाण्यांच्या नोंदींपुढे सरांनी आणखी एक केले होते. नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासली की ठसा उमटतो, तो खेळ आपण सगळे खेळलो आहोत. सरांनी प्रत्येक नाण्याच्या दोन्ही बाजूंचे तसे ठसे वहीत घेतले होते. आम्ही दोघे दिवाळीच्या दुपारी भिंग घेऊन बसलो. एकेक नाणे ठशाशेजारी ठेवत गेलो. काठाचा चेपलेला भाग, झिजलेले अक्षर, एका बाजूची चीर. चार वाजेपर्यंत नऊपैकी सात नाण्यांची ओळख पटली. बहुतेक इंग्रजी अमदानीतले पैसे आहेत, दोन शिवराया आहेत. प्रत्येक नाणे जुळले की सर त्या मुलाचे नाव मोठ्याने वाचत आणि मग विचारत, “हा आता कुठं आहे रे?” पाच जणांचे उत्तर मला देता आले. दोघे आपल्यात राहिलेले नाहीत, हेही सरांना सांगावे लागले. सरांनी त्या दोन्ही नोंदी पुन्हा एकदा वाचल्या.

मित्रहो, हैदराबादला वस्तू आहे पण तिची नोंद नाही. आपल्याकडे ४० च्या आसपास वस्तूंची नोंद आहे पण वस्तू नाहीत. दोन्हींचे दुःख मी पाहिले आहे. म्हणून स्नेहमिलनाच्या दिवशी माझे एवढेच मागणे आहे.

शाळेने एक कपाट देण्याचे कबूल केले आहे. लोखंडी, भिंतीपासून हातभर दूर, विटांवर. त्यात ही नाणी आणि अडकित्ता परत जातील. ज्यांची नावे वहीत आहेत त्यांनी त्या दिवशी येऊन आपले नाणे हातात घेऊन पाहावे. दोन नाण्यांची ओळख अजून पटलेली नाही, कोणाला आठवले तर सांगावे. जमिनीत सापडलेल्या जुन्या वस्तूंची माहिती सरकारला द्यावी लागते, १८७८ पासून तसा कायदा आहे. म्हणून शिवरायांविषयी आपण तहसील कार्यालयाला रीतसर कळवू आणि ते सांगतील तसे करू. घरी जुने कागद असतील तर ते प्लास्टिकच्या पिशवीत कोंबू नका, स्वच्छ सुती कापडात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा. तांब्याचे नाणे चिंचेने घासून चकचकीत करू नका, अक्षरेही घासून जातात. आणि वस्तू द्यायची नसेल तर देऊ नका, पण तिची गोष्ट मात्र वहीत लिहून द्या. सरांच्या वहीच्या दोन प्रती काढल्या आहेत. एक शाळेत राहील, दुसरी गावाबाहेर, दुसऱ्या छताखाली.

किल्लीही या वेळी एकाकडे राहणार नाही. दर दसऱ्याला एक बॅच कपाट उघडेल, कडुनिंबाचा पाला बदलेल, वहीत तारीख घालून सही करेल आणि किल्ली पुढच्या बॅचला देईल. यंदाचा दसरा आपल्या बॅचचा. पहिली सही मला करू द्यावी, अशी विनंती आहे. नव्या वहीत क्रमांक ४८ सरांनी स्वतःच्या अक्षरात घातला आहे. वस्तू: ‘जुन्या पेटीची किल्ली, एक.’ आणणारा म्हणून माझे नाव आहे.